आधी काठ, मग होडी

मार्च लागला की या सदराला येणाऱ्या पत्रांत एकाच माशाचं नाव असतं: लार्जमाउथ बास, इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. इथे उत्तर टेक्ससमध्ये पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या वर चढू लागतं, बास खोल पाण्यातून काठाकडे येतो, दुकानांपुढे होड्या मांडल्या जातात आणि आपल्या मराठी घरांतूनही 'यंदा घ्यायचीच' असं सुरू होतं. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं. मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीजवळच्या एका खेड्यातली. वडील शाळामास्तर. रविवारी ते गरी घेऊन बोडीवर, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या तळ्यावर, जायचे आणि मी गांडुळांचा डबा धरून त्यांच्या मागे. १९९९ पासून डॅलसजवळ प्लेनोला आहे, प्रयोगशाळेत नोकरी करते आणि गेली २२ वर्षं बासच्या मागे आहे. इथे लिहिते ते माझ्या हाताखालून गेलेल्या सामानावरून आणि माझ्या चुकांवरून.

प्रश्न : ताई, मी फ्रिस्कोला राहतो, वय ४१. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी १२. लहानपणी कऱ्हाडला कृष्णेवर गळ टाकून बसायचो, तेवढाच अनुभव. यंदा ३,५०० डॉलर बाजूला काढले आहेत. १२ फुटांची अॅल्युमिनियमची जॉन बोट (सपाट तळाची छोटी होडी), ट्रेलर आणि ट्रोलिंग मोटर (होडी सावकाश चालवायची विजेची मोटर) एकदमच घ्यावी म्हणतो. घर टाउनहाउस आहे, गॅरेजमध्ये एकच गाडी मावते. होडी कोणती घेऊ? (एक वाचक, फ्रिस्को)

उत्तर : सप्टेंबरपर्यंत कोणतीच घेऊ नका. तुम्हाला हे आवडणार नाही, पण दरवर्षी मी हेच सांगते आणि दरवर्षी मला ते जास्तच पटत जातं.

मार्च ते मे बास काठालगत, दोन ते सहा फूट पाण्यात असतो. नर शेपटीने तळ झाडून बशीसारखा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि नर राखणीला थांबतो. मासा आपणहून तुमच्या पायाशी आलेला असताना होडी कशाला? पहिला हंगाम तिघांनी काठावर काढा. तुमच्यापासून दीडेक तासावर, डॅलसच्या आग्नेयेला पर्टिस क्रीक स्टेट पार्क आहे. तिथलं ३५५ एकरांचं तळं मासेमारी डोळ्यांपुढे ठेवूनच केलेलं आहे आणि सगळ्या होड्यांना सावकाशच चालावं लागतं, त्यामुळे काठावर लहान मुलं असली तरी जिवाला घोर नसतो. टेक्ससच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही. १७ वर्षांखालच्या मुलांना तर राज्यात कुठेच लागत नाही. कित्येक पार्कांत रॉड उसने मिळतात, निघण्याआधी फोन करून विचारा.

या तीन महिन्यांत तुम्हाला कळेल की मुलगी दोन तास बसू शकते का, मुलगा पाण्याशी किती वाकतो, पहाटे पाचला उठायला दोघांपैकी कोण तयार असतं. होडी या उत्तरांवर ठरते. दुकानातल्या माणसाला ती माहीत नसतात.

आता होडीचं. तुम्ही म्हणता तिच्यावर बहुधा '१२३६' असा आकडा असेल. लांबी १२ फूट, तळाची रुंदी ३६ इंच. रिकामी होडी साधारण १०० ते १२० पौंडांची, दोन माणसं सहज उचलतात. तळ सपाट असतो, म्हणून वीतभर पाण्यातही ती पाणकणसांत शिरते, आणि बास तिथेच असतो. मला ही होडी मनापासून आवडते. पण तोच सपाट तळ लाटेवर आपटतो, आणि तिच्या कडा बुटक्या असतात. २० फुटांखालच्या अशा होड्यांवर आतल्या बाजूला कोस्ट गार्डच्या नियमाप्रमाणे एक पाटी ठोकलेली असते: माणसं किती, पौंड किती. होडी बघायला जाल तेव्हा सगळ्यात आधी ही पाटी वाचा. जुन्या होडीवरची पाटी गेली असेल तर लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करायचा आणि १५ ने भागायचं. १२ फूट लांब, वरून ४ फूट रुंद होडीचं उत्तर ३ येतं. तेही शांत पाण्यात.

तिघंच तर आहोत, असं तुम्हाला वाटेल. जरा वजन मांडू या. तुम्ही १८० पौंड धरा, मुलगी ९५, मुलगा ७०. झाले ३४५. शिसाची बॅटरी ६०, मोटर २५, नांगर १०. रॉड, पेट्या, पाण्याच्या बाटल्या, डबे मिळून ४०. बेरीज ४८०. एवढ्या लहान होडीच्या पाटीवर तुम्हाला बहुतेक याच्याच आसपासचा किंवा याहून कमी आकडा दिसेल. म्हणजे वारा सुटला, मुलगा मासा बघायला एका बाजूला झुकला, की हाताशी काहीच शिल्लक नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ च्या मार्चमध्ये मी, माझा नवरा आणि भारतातून आलेला माझा भाऊ अशा १२ फुटी होडीतून एका मोठ्या जलाशयावर गेलो. सकाळ उबदार होती, दक्षिणेची झुळूक होती. तीन मोठी माणसं म्हणजे पाटीवरचा आकडा आम्ही ओलांडला होता, आणि ते मला माहीत होतं. लाइफ जॅकेट होती, पण बाक टणक म्हणून आम्ही त्यांच्यावर बसलो होतो. साडेदहाच्या सुमारास उत्तरेकडून नॉर्दर आला. टेक्ससमध्ये हा थंड वारा असाच येतो, पंधरा मिनिटांत आभाळ आणि पाणी दोन्ही बदलतं. पहिली लाट मागच्या फळीवरून आत आली तेव्हा बॅटरीच्या पेटीभोवती पाणी साचलं. भाऊ डब्याच्या झाकणाने पाणी उपसत होता, नवरा वल्ही मारत होता, आणि मी जॅकेटचे पट्टे लावायचा प्रयत्न करत होते. बोटं इतकी गारठली होती की बक्कल लागत नव्हतं. पाणी ५४ अंशांचं होतं. एवढ्या थंड पाण्यात माणूस एकदम पडला की पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही; चांगला पोहणाराही तेव्हाच पाणी गिळतो. उभ्या वठलेल्या झाडांचा एक कोपरा आडोशाला मिळाला म्हणून आम्ही वाचलो. भावाला मी होडीत बसवलं होतं. तो मला त्यावरून एक शब्दही बोलला नाही, आणि त्याचं ते गप्प राहणं मला अजून आठवतं.

म्हणून माझं उत्तर असं. १२३६ घ्यायची असेल तर एका वेळी एकच मूल न्यायचं. एका शनिवारी मुलगी, पुढच्या शनिवारी मुलगा. दोघांना एकत्रच न्यायचं असेल तर '१४४८' बघा: १४ फूट लांब, तळ ४८ इंच, कडा उंच. पण ती दोनशे पौंडांच्या घरातली, म्हणजे ट्रेलर हवाच. आणि तुमच्या वस्तीच्या नियमावलीत दारात ट्रेलर ठेवायला मनाई आहे का, हे आजच वाचा. बऱ्याच ठिकाणी असते. मग महिन्याच्या भाड्याची जागा आली, आणि ते भाडं दरवर्षी भरायचं आहे. तुमच्या जागी मी असते तर वापरलेली १२३६ घेतली असती आणि मुलांना आळीपाळीने नेलं असतं. मुलीबरोबर चार तास एका होडीत, फोन बंद करून बसायला या देशात दुसरी जागा मला सापडलेली नाही.

जॅकेट प्रत्येकाचं, मापाचं, आणि अंगात घातलेलं. टेक्ससमध्ये २६ फुटांखालच्या चालत्या होडीत १३ वर्षांखालच्या मुलाने ते घातलंच पाहिजे, असा कायदा आहे. तुम्ही स्वतः काढून बसलात तर मुलं तेच शिकतील. हवेने फुगणारी जॅकेट १६ वर्षांखालच्यांसाठी मान्य नाहीत, मुलांना फोमचीच घ्या. होडीला विजेची छोटी मोटर लावली तरी टेक्ससमध्ये नोंदणी करावी लागते आणि दोन्ही बाजूंना क्रमांक लावावा लागतो. आणि एक माझी सवय: होडीच्या तळाचं पाणी काढायच्या भोकाचं बूच मी गाडीच्या किल्लीला बांधून ठेवते. पाण्यात उतरवताना ते लावायचं, बाहेर काढल्यावर काढायचं. दुसरं नुसतं शिस्तीचं नाही, २०१४ पासून टेक्ससभर होडीतलं सगळं पाणी काढूनच निघायचा नियम आहे, कारण झेब्रा शिंपले नावाचे उपद्रवी शिंपले या पाण्यातूनच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या लेक टेक्सोमामध्ये ते २००९ मध्ये सापडले, आणि तिथून किती तळ्यांत पोचले ते आपण बघतोच आहोत.

वाऱ्याचा माझा आकडा १२ मैल. अंदाजात ताशी १२ मैलांपेक्षा जास्त असेल तर १२ फुटी होडी मोठ्या जलाशयावर नेत नाही. पाण्यावर पांढरे तुरे दिसले तर अंदाज न बघताच परत फिरायचं.

प्रश्न : दुकानदाराने मला बेटकास्टर रीळ आणि सात फुटी हेवी रॉड दिला. खरे मच्छीमार हेच वापरतात म्हणाला. प्रत्येक दुसऱ्या फेकीला दोरीचा गुंता होतो, निम्मा वेळ तो सोडवण्यात जातो. माझं काय चुकतंय? आणि आमिषं किती घ्यावीत? भिंतभर आहेत. (एक वाचक, अर्व्हिंग)

उत्तर : तुमचं काही चुकत नाही, फक्त क्रम उलटा झाला आहे. बेटकास्टरमध्ये फेकताना दोरीची रिळकांडी स्वतः फिरते. आमिष हवेत मंदावलं आणि रिळकांडी त्याच वेगाने फिरत राहिली की दोरी सुटून आत फुगते, तोच गुंता. ती अंगठ्याने हळूच दाबून आवरायची असते आणि हा अंगठा तयार व्हायला महिने लागतात. स्पिनिंग रिळात रिळकांडी स्थिर असते, दोरी तिच्यावरून नुसती सुटत जाते. म्हणून पहिला रॉड स्पिनिंगचाच हवा. साडेसहा ते सात फूट, ताकद मीडियम, टोक फास्ट म्हणजे वरच्या भागातच वाकणारं. रीळ २५०० मापाचं. रॉड आणि रीळ जोडून १०० डॉलरच्या आत चांगलं मिळतं. त्याहून जास्त पहिल्या वर्षी घालू नका, कारण कशावर घालायचे हे अजून तुम्हाला ठाऊक नाही.

दोरी १० पौंडांची साधी मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनच्या एकाच धाग्याची. ती ताणते, चुका माफ करते आणि स्वस्त आहे, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बदलता येते. सरावानंतर १५ पौंडांची विणलेली दोरी आणि पुढे ८ ते १० पौंडांच्या फ्लोरोकार्बनचा हातभर तुकडा. विणलेली दोरी ताणत नाही, माशाने आमिष नुसतं ओठात धरलं तरी बोटाला कळतं. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो आणि दगडावर लवकर झिजत नाही.

बेटकास्टर फेकून देऊ नका. घरामागच्या गवतावर अर्ध्या औंसाचं रबरी वजन लावून रोज दहा मिनिटं फेका. हँडलजवळची चकती इतकी आवळा की अंगठा सोडल्यावर वजन सावकाश खाली येईल आणि जमिनीला टेकताच रिळकांडी थांबेल. बाजूचा ब्रेक सुरुवातीला पूर्ण वर. लांब फेकायची घाई नको, ४० फूट पुरे. तुमचा हेवी रॉड पुढे गवताळ पाण्यात बेडकासारख्या आमिषाला उपयोगी पडेल.

आता ती भिंत. मी २२ वर्षांत त्या भिंतीवरचं खूप काही विकत घेतलं आहे, आणि तरीही मला मिळालेल्या बासांपैकी बहुतेक एकाच वस्तूने दिले आहेत: पाच इंची, साधी, काडीसारखी मऊ प्लास्टिकची अळी, हिरवट-तपकिरी रंगाची, जिला इथे ग्रीन पंपकिन म्हणतात. ती बरोबर मधोमध गळात अडकवायची, शिसं लावायचं नाही, फेकायची आणि हात लावायचा नाही. दोन्ही टोकं थरथरवत ती सावकाश खाली जाते आणि बास बहुतेक वेळा ती पडत असतानाच घेतो. दोरी कडेला सरकताना दिसली की समजायचं. नवशिक्याची चूक एकच, तो सारखा ओढत राहतो. माझे वडील गरी टाकल्यावर तंबाखू मळायला घ्यायचे. हात गुंतलेले राहतात म्हणून, असं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

फांद्या आणि गवत असेल तिथे तीच अळी टेक्सस रिगवर लावा. बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शिसं, ३/१६ औंसाचं, त्याखाली ३/० मापाचा वाकडा गळ, आणि गळाचं टोक अळीच्या अंगात परत खुपसलेलं, म्हणजे लाकडात अडकत नाही. गढूळ पाण्याला आणि वाऱ्याच्या दिवसाला ३/८ औंसाचा पांढरा स्पिनरबेट, म्हणजे चकचकीत फिरत्या पात्याचं आमिष. उन्हाळ्यात पहाटे, शेवाळावरून ओढायला पोकळ रबरी बेडूक. एवढ्यावर वर्ष काढा.

गाठ पालोमार. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायची, साधी सैल गाठ मारायची, पुढे राहिलेल्या फासातून अख्खा गळ ओवायचा, थुंकीने ओली करायची आणि मग आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमजोर होते, आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो.

प्रश्न : ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) ट्रोलिंग मोटर आहे. गाडीची जुनी बॅटरी लावतो. तासाभरात मान टाकते. मोटर खराब आहे का? (एक वाचक, केटी)

उत्तर : मोटर बरी आहे, बॅटरी चुकीची आहे. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करायला दोन-चार सेकंद भरपूर विजेचा झटका देण्यासाठी केलेली असते, पत्रे पातळ असतात आणि ती पुन्हा पुन्हा पूर्ण रिकामी केली की मरते. डीप सायकलची घ्या, म्हणजे बराच वेळ सावकाश वीज देणारी. हिशेब असा: ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर खाते. १०० अँपिअर-तासांच्या शिसाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, म्हणजे पूर्ण वेगात एक तास. मंद वेगात १० ते १२ अँपिअरवर तीच बॅटरी चार तास चालते, आणि मासे मारताना मंदच चालायचं असतं. लिथियमची, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि वजन निम्म्याहून कमी. लहान होडीत ते तीस-पस्तीस पौंड फार मोलाचे आहेत. मात्र चार्जर लिथियमचाच हवा, आणि बॅटरीजवळ ६० अँपिअरचा ब्रेकर लावल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

प्रश्न : मी ऑस्टिनला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. ट्रेलर, होडी शक्यच नाही. कयाकवरून बास मारता येतो का? एकटीने जाणं सुरक्षित आहे का? (एक वाचक, ऑस्टिन)

उत्तर : येतो, आणि छान येतो. मी आठ वर्षं निम्मे दिवस कयाकवरच जाते. तुमच्या गावातच लेडी बर्ड लेक आहे. तिथे पेट्रोलच्या इंजिनांना बंदी आहे, त्यामुळे वेगवान होड्यांच्या लाटा नाहीत, आणि तासावर कयाक भाड्याने मिळतात. महिनाभर भाड्याच्या चालवा. मग घ्यायचीच तर 'सिट-ऑन-टॉप' घ्या. आत पाय घालून बसायच्या कयाकमध्ये पाणी भरलं की ती एकटीने रिकामी करणं फार अवघड जातं. वर बसायच्या कयाकला आरपार भोकं असतात, पाणी आपोआप निघून जातं आणि पुन्हा चढून बसता येतं. तिसऱ्या मजल्यासाठी जाड रबराची फुगवायची कयाक बरी, पण गळांची टोकं सांभाळा.

सुरक्षिततेचं मनावर घ्या. ऑगस्टमध्ये, कोमट पाण्यात, काठाजवळ, सोबत कुणीतरी असताना मुद्दाम उलटी व्हा आणि परत चढा. तीनदा. जमेपर्यंत एकटीने जाऊ नका. जॅकेटला शिट्टी बांधलेली असू द्या. अंधार पडायच्या आत परत यायचं ठरलं असलं तरी पांढरा दिवा जवळ ठेवा. वाहत्या पाण्यात कयाकच्या बाजूला नांगर बांधू नका, ती क्षणात आडवी होते. कुठून उतरतेय आणि किती वाजता परत येणार, हे एका माणसाला कळवून निघा. मी अजूनही नवऱ्याला कळवते, तो घरात बसलेला असला तरी.

प्रश्न : सासूबाई रत्नागिरीहून आल्या आहेत. आमच्या ह्यांनी चांगला चार पौंडांचा बास पकडून पाण्यात परत सोडला, तेव्हापासून त्या विचारतात, हा कसला प्रकार, मासा त्रास द्यायला धरता की खायला? मलाही नीट सांगता आलं नाही. आणि सासऱ्यांना रॉड हातात धरायला दिला तर चालतो का? (एक वाचक, मॅकिनी)

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. बास खायला मनाई नाही. टेक्ससमध्ये सर्वसाधारण नियम १४ इंचांहून मोठा आणि दिवसाला पाच असा आहे. काही तळ्यांचे नियम वेगळे. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो, आणि २४ इंच किंवा त्याहून मोठा एकच ठेवता येतो. १९८० मध्ये ते धरण झालं तेव्हा झाडं तशीच उभी ठेवली, फ्लोरिडाच्या जातीचे बास सोडले, आणि असे नियम पाळले. राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ च्या जानेवारीत तिथेच मिळाला. सव्वाआठ किलोंचा मासा. चार पौंडांची मादी दरवर्षी हजारोंनी अंडी घालते. ती परत सोडली तर पुढच्या वर्षी तिची पिल्लं असतात.

दुसरी गोष्ट पाऱ्याची. बास दुसरे मासे खाऊन जगतो, आणि जितका मोठा व म्हातारा तितका पारा त्याच्या अंगात साठतो. पूर्व टेक्ससमधल्या काही पाण्यांबद्दल, कॅडो लेक त्यातलंच, राज्याच्या आरोग्य खात्याची तशी सूचना आहे. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ती वाचूनच खावं.

कालवणाला क्रॅपी आणा. चवीला गोड, काटे कमी, आणि बासचाच भाऊबंद. ब्लूगिल लहान असतो पण रवा लावून तव्यावर फार छान होतो. कॅटफिश आपल्या शिंगाडा माशाच्या जवळचा, त्याला आंबट आणि मसाला दोन्ही जास्त लागतं. सासूबाईंना क्रॅपी द्या आणि त्यांच्या हातची चव मला कळवा.

सोडायचा मासा सोडतानाही रीत आहे. हात आधी ओले करायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी लागते. मोठ्या बासला नुसतं ओठाला धरून आडवा लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. तुम्ही श्वास रोखून धरू शकाल तेवढाच वेळ तो पाण्याबाहेर.

सासऱ्यांना रॉड नुसता धरायचा असला तरी लायसन्स लागतं, पाहुण्यांसाठी एका दिवसाचं मिळतं. किंवा स्टेट पार्कच्या काठावर न्या, तिथे लागत नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी टेक्ससभर कुणालाच लागत नाही.

प्रश्न : मी पुण्याचा. भावाकडे डॅलसला येऊन बास फिशिंग केलं आणि वेड लागलं. असा लढणारा मासा आपल्याकडे का नाही? मुळशी, उजनी किंवा खाजगी शेततळ्यात बासची पिल्लं आणून सोडली तर? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कृपा करून असं करू नका. आणि करू पाहणारा कुणी भेटला तर त्याला थांबवा.

जपानमध्ये १९२५ साली आकाबोशी तेत्सुमा यांनी हौसेने बास अमेरिकेहून नेऊन आशी तळ्यात सोडला. आज तो जवळजवळ जपानभर आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या बासचा विक्रम जॉर्जिया राज्यात १९३२ साली झाला, २२ पौंड ४ औंसांचा, आणि त्याची बरोबरी २००९ मध्ये झाली ती जपानच्या बिवा तळ्यात. मासेमारांना त्याचं कौतुक वाटेल. पण बिवा हे फार प्राचीन तळं आहे, तिथले कित्येक मासे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि ते मासे धरून पिढ्यान् पिढ्या जगलेली माणसं काठावर आहेत. त्यांच्या माशांवरच हा पाहुणा पोसला. २००५ पासून जपानमध्ये बास पाळायला, न्यायला, सोडायला कायद्याने मनाई आहे.

उलट उदाहरणही सांगते. २००२ मध्ये इथे मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या एका तळ्यात आशियातली मरळ सापडली. कुणीतरी खायला आणलेले दोन मासे सोडून दिले होते आणि त्यांची पिल्लावळ झाली होती. सरकारने ते तळं विष घालून रिकामं केलं. त्याच वर्षीपासून जिवंत मरळ या देशात आणायला बंदी आहे. मी ती बातमी वाचली तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण मरळ म्हणजे माझ्या वडिलांचा मासा. आमच्या बोडीतला, मामा तलावातला (म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातला), लढणारा, बेडकावर झेपावणारा. इथे तो गुन्हेगार ठरला, आणि तो निर्णय बरोबर होता.

तुम्ही विचारता, लढणारा मासा आपल्याकडे का नाही. आहे की. हाच स्पिनिंग रॉड, हीच १५ पौंडांची विणलेली दोरी आणि हाच पोकळ रबरी बेडूक घेऊन, जिथे मासेमारीचा ठेका आणि परवानगी आहे अशा तलावावर जून लागायच्या आधी पहाटे जा. मालकाला, सोसायटीला, ढीवरांना (तिथल्या मासेमारांना) विचारून. कमळाच्या पानांवरून बेडूक सावकाश ओढा. पाणी फुटेल आणि बेडूक नाहीसा होईल. लगेच ओढू नका, दोन आकडे मोजा. मग ओढा.

पाऊस पडल्यावर पृष्ठभागाजवळ लाल-केशरी पिल्लांचा गोळा हलताना दिसला तर मात्र रॉड खाली ठेवा. त्याच्या खाली मरळीची जोडी असते, पिल्लांजवळ जे येईल त्यावर ती तुटून पडते, त्यामुळे तेव्हा ती अगदी सहज गळाला लागते. आमच्या गावचे ढीवर पिल्लांवरची मरळ मारत नसत. वडिलांनी मला ते बोडीच्या पाळीवरून बोट दाखवून शिकवलं, आणि इथे एप्रिलमध्ये घरट्यावरचा नर बास दिसला की मी अजूनही तेच करते. तो नर उचलला की काही मिनिटांत ब्लूगिल अंड्यांवर येतात. मी दोन वेळा डोळ्यांनी पाहिलं आहे.